मधला खांब : गोल जिन्याच्या निमित्ताने एक प्रस्तावना

सावदा, फैजपूर, रावेर या केळीच्या पट्ट्यात जुन्या वस्तीतून चालताना घरांच्या मागच्या अंगाला किंवा दोन भिंतींमधल्या बोळात लोखंडी गोल जिने दिसतात. मध्ये उभा पाइप, त्याला वेल्डिंगने जोडलेल्या निमुळत्या पायऱ्या, बाहेरून वळवलेला कठडा आणि वर गच्ची. धुणे वाळत घालायला, पाण्याची टाकी बघायला, उन्हाळ्यात अंथरुणे वर न्यायला त्याचा उपयोग. कौतुक मात्र कोणी करत नाही. नवे घर दाखवताना मालक पाहुण्याला देवघर दाखवतो, ओटा दाखवतो. मागचा जिना दाखवायचे त्याच्या मनातही येत नाही.

वास्तुकलेच्या इतिहासात या जिन्याचे कूळ मोठे आहे. पाचशे वर्षांपूर्वी इटली आणि फ्रान्समधल्या नामवंतांनी त्यावर डोके झिजवले, पोपने आणि राजाने त्यासाठी तिजोरी मोकळी केली. जिना म्हणजे वर जाण्याची निव्वळ सोय, ही समजूत त्या काळात मोडली आणि जिना ही मुद्दाम पाहायला जावे अशी वस्तू झाली. त्या प्रबोधनकालीन जिन्यांपासून सावद्याच्या बोळापर्यंतचा प्रवास हा या लेखनाचा विषय आहे.

गोल जिन्याचे मूळ गणित साधे आहे. सरळ जिन्याला लांबी लागते, गोल जिन्याला फक्त घेर लागतो. दहा फूट उंचीच्या मजल्यावर जायला साडेसात इंचांच्या सोळा पायऱ्या लागतात. सरळ गेल्यास बारा-तेरा फूट लांब आणि तीन फूट रुंद, म्हणजे चाळीसेक चौरस फूट जागा जाते. तेच चढणे पाच फूट व्यासात गुंडाळले तर पंचवीस चौरस फुटांत भागते. अडचण निराळीच असते. गोल जिन्याच्या प्रत्येक पायरीचे आतले टोक निमुळते होत शून्याकडे जाते. तिथे पाऊल मावत नाही, आणि सगळ्या पायऱ्यांचा भार घ्यायला तिथेच काहीतरी असावे लागते. म्हणून मध्ये खांब येतो. खांब आला की उजेड अडतो, नजर अडते, समोरून येणारा माणूस अंगावर आल्याशिवाय दिसत नाही. हा मधला खांब ठेवायचा की काढायचा, आणि काढला तर पायऱ्या कशावर उभ्या राहणार, या एका प्रश्नाभोवती गोल जिन्याचा सारा इतिहास फिरतो.

जुन्या जगाने खांब ठेवला. रोममधला ट्राजन राजाचा विजयस्तंभ इ.स. ११३मध्ये उभा राहिला. संगमरवराचे अजस्र दगड आतून कोरून त्यात १८५ पायऱ्यांचा गोल जिना काढलेला आहे. बाहेरून पाहणाऱ्याला युद्धाची शिल्पे दिसतात, आत जिना असेल अशी शंकाही येत नाही. पुढे मध्ययुगीन युरोपातल्या किल्ल्यांनी आणि चर्चांनी हाच प्रकार भिंतींच्या पोटात घातला. किल्ल्यातले जिने उजवीकडे वळत चढतात, कारण वरून लढणाऱ्याचा तलवारीचा हात मोकळा राहावा, ही गोष्ट तिथले वाटाडे आजही रंगवून सांगतात. उलट वळणाचे जिनेही त्या किल्ल्यांत पुष्कळ सापडतात आणि अभ्यासकांना हे स्पष्टीकरण फारसे पटत नाही. दिशा कोणतीही असो, जिना अंधारा, अरुंद आणि लपलेलाच होता.

खानदेशातही त्याचे रूप हेच. फारुकी सुलतानांचे पहिले ठाणे तापीकाठच्या थाळनेरला होते. पुढे त्यांनी असीरगड घेतला आणि बऱ्हाणपूर वसवले. आज ते शहर मध्य प्रदेशात असले तरी सावद्याच्या माणसाला ते परके नाही. रावेरमार्गे पन्नास किलोमीटरच्या आतबाहेर अंतर आणि बाजारहाटाचे, सोयरिकीचे जुने येणेजाणे. तिथली जामा मशीद राजा अली खान फारुकीच्या काळात, १५८९च्या सुमारास पुरी झाली. अरबीच्या जोडीला संस्कृत शिलालेख असलेली मशीद म्हणून ती प्रसिद्ध आहे. पण या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहेत ते तिचे दोन उंच मनोरे आणि त्यांच्या पोटातून फिरत वर जाणारे जिने.

अशा दगडी मनोऱ्यांची सर्वसाधारण रचना समजून घेण्यासारखी आहे. पायरी एकाच दगडाची घडवतात आणि तिचे आतले टोक गोल ठेवतात. एकावर एक पायऱ्या थोड्या वळवून बसवत गेले की ही गोल टोके एकावर एक येऊन आपोआप मधला खांब तयार होतो. पायरीचे दुसरे टोक बाहेरच्या भिंतीत रुतलेले असते. त्यामुळे जिना नुसता वर नेत नाही, तो खांबाला आणि भिंतीला जागोजागी बांधूनही ठेवतो. मनोरा उंच, सडपातळ आणि तरीही ताठ राहतो त्यात या पायऱ्यांचा मोठा हातभार असतो. दौलताबादचा चांद मिनार पंधराव्या शतकातला, सुमारे ६३ मीटर उंच. त्याच्याही पोटात असाच जिना आहे. एरंडोल तालुक्यातल्या फरकांड्याचे झुलते मनोरे खानदेशात सर्वांना ऐकून माहीत असतात. त्या जोडीतला एक पडला. उरलेल्याकडे पाहून जोडीची कल्पना करावी लागते.

बऱ्हाणपूरचे मनोरे उभे राहिले तेव्हा इटलीतल्या वास्तुकार डोनाटो ब्रामान्तेला जाऊन पाऊणशे वर्षे झाली होती, आणि तिकडे गोल जिन्याचा खांब केव्हाच हलला होता. तरी बऱ्हाणपूरच्या गवंड्याला मागासलेला म्हणण्याचे कारण नाही. मनोऱ्याच्या जिन्याने दिवसातून काही वेळा एक माणूस अजान द्यायला वर जाणार. त्याला कोणी चढताना पाहावे ही गरज नव्हती. मनोरा वाऱ्यापावसात शतकानुशतके उभा राहावा ही होती. त्या कामाला भरीव खांबच योग्य होता.

ब्रामान्तेपुढचे काम वेगळे होते. व्हॅटिकनच्या टेकडीवर बेल्व्हेदेर हा पोपचा वाडा. पोप ज्युलियस दुसरा याने तिथल्या अंगणात प्राचीन पुतळे मांडायला घेतले. १५०६मध्ये रोममधल्या एका द्राक्षमळ्यात लाओकोऊनचे सुप्रसिद्ध शिल्प सापडले, तेही तिथेच आले. खालच्या रस्त्यावरून थेट वर यायला वाट हवी होती, आणि ती घोडा, खेचर चढू शकेल अशी हवी होती. ब्रामान्तेने १५०५च्या सुमारास आखलेल्या या जिन्याला म्हणूनच पायऱ्या नाहीत. विटांच्या फरसबंदीची एक सलग चढण चौकोनी बुरुजाच्या आत फिरत वर जाते. आणि मध्ये खांब नाही. तिथे सरळ वरपर्यंत पोकळी आहे आणि पोकळीच्या कडेने खांबांची रांग चढणीबरोबर फिरत चढते. एका भरीव खांबाचे काम त्याने अनेक सडपातळ खांबांत वाटून टाकले.

त्या रांगेत आणखी एक खुबी आहे. तळाशी खांब जाड आणि साधे, टस्कन घडणीचे. वर जाताना डोरिक, मग आयोनिक, शेवटी नक्षीदार शीर्षांचे. प्राचीन रोमनांनी हे प्रकार इमारतीच्या मजल्या-मजल्यांवर वेगवेगळे वापरले होते. इथे मजलेच नाहीत, चढण अखंड आहे. तेव्हा एक प्रकार संपून दुसरा सुरू होतो तो चालता चालताच, आणि चढणाऱ्याला तो बदल लक्षात येतो तोवर दोन खांब मागे पडलेले असतात. पंडितांना यात नियमभंग दिसू शकतो. घोड्यावरून वर जाणाऱ्या पाहुण्याला मात्र रोमन वास्तुकलेची उजळणी होत असे. आज व्हॅटिकन संग्रहालयात पर्यटक ज्या गोल जिन्याचे फोटो काढतात तो हा नव्हे. तो ज्युसेप्पे मोमो या वास्तुकाराने १९३२मध्ये केला. ब्रामान्तेची कल्पना पुढे नेत त्याने एकात एक दोन चढणी गुंफल्या, म्हणजे येणारे आणि जाणारे एकमेकांच्या वाटेत येत नाहीत.

मधली पोकळी का हवी, याचे सगळ्यात नेमके उत्तर आन्द्रेआ पल्लादिओने दिले. १५७०मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या वास्तुकलेवरच्या चार खंडांत गोल जिन्यांचे प्रकार नोंदलेले आहेत. मध्ये रिकामे असलेले जिने त्याला पसंत होते. त्याची कारणे दोन : वरून उजेड येतो, आणि वर उभा असलेला माणूस खालून चढणाऱ्या सगळ्यांना पाहू शकतो, तसेच तेही त्याला पाहू शकतात. व्हेनिसच्या कारिता मठासाठी त्याने स्वतः असा लंबगोल जिना बांधला. त्याच्या पायऱ्यांचे एक टोक भिंतीत पक्के, दुसरे अधांतरी. प्रत्येक पायरी खालच्या पायरीवर थोडी टेकते आणि भार भिंतीकडे सरकवते. पल्लादिओच्या त्या दोन कारणांतले पहिले बांधकामाचे आहे, दुसरे दरबाराचे. जिना आता माणसे एकमेकांना दिसण्याची जागा झाला.

फ्रान्सच्या फ्रान्स्वा पहिल्याला हे दरबारी अंग चांगले कळले होते. ब्लुआ इथल्या राजवाड्यात त्याने बांधवलेला अष्टकोनी जिना भिंतीतून बाहेर काढलेला आणि चौकाच्या अंगाला उघडा आहे. खाली चौकात समारंभ चालू असताना दरबारी त्या जिन्याच्या सज्जांत उभे राहत. पुढे १५१९मध्ये शाम्बोर इथल्या शिकारवाड्याचे काम सुरू झाले. त्याच्या मधोमध जो जिना आहे तो एक नसून दोन आहेत. दोन्ही एकाच पोकळ गाभ्याभोवती फिरतात, पण कुठेही एकमेकांना छेदत नाहीत. एकावरून चढणाऱ्याला दुसऱ्यावरून उतरणारा गाभ्याच्या खिडक्यांतून दिसत राहतो, भेटत मात्र नाही.

हा जिना लिओनार्दो दा विंचीचा, असे सर्रास सांगितले जाते. लिओनार्दो आयुष्याच्या शेवटी फ्रान्स्वाच्याच आश्रयाला आंब्वाजला होता आणि शाम्बोरचे काम सुरू झाले त्याच वर्षी, २ मे १५१९ रोजी तो वारला. जिना त्याचा असल्याचा लेखी पुरावा नाही. पण त्याच्या त्याआधीच्या, मिलानमधल्या काळातल्या वहीत दुहेरी आणि चौपदरी जिन्यांची चित्रे आहेत. किल्ल्यातल्या शिपायांच्या तुकड्यांनी एकमेकांच्या वाटेत न येता वरखाली करावे अशी कल्पना त्यात आहे. शाम्बोरची कीर्ती इटलीत पोचली तेव्हा तिला पाय फुटले होते. खुद्द पल्लादिओने आपल्या ग्रंथात तिथे दोन नव्हे, चार जिने एकात एक गुंफलेले असल्याचे लिहून ठेवले.

दोन जिन्यांचा सगळ्यात उपयोगी प्रयोग राजवाड्यात नव्हे तर विहिरीत झाला. १५२७मध्ये रोम लुटले गेले आणि पोप क्लेमेंट सातवा पळून ओर्व्हिएतो या डोंगरी गावात आला. वेढा पडला तर पाण्याचे काय, या धास्तीने त्याने अंतोनिओ दा सांगाल्लो या वास्तुकाराकडून विहीर खोदवून घेतली; ती १५३७मध्ये पुरी झाली. खोली ५३ मीटर, उजेडाला ७० खिडक्या, आणि भोवती दोन गोल जिने, प्रत्येकाला २४८ पायऱ्या. पखाली लादलेली खेचरे एका वाटेने उतरत, तळाशी छोटा पूल ओलांडून दुसऱ्या वाटेने वर येत. भर गर्दीतही तोंडासमोर तोंड येऊन खोळंबा होत नसे. महाराष्ट्रातल्या बारवा ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना या विहिरीचे अप्रूप वाटेलच, पण फरकही जाणवेल. बारवेत माणूस पाण्यापर्यंत जाऊन टेकतो, देव कोनाड्यात बसतो, बायका बोलत थांबतात. ओर्व्हिएतोच्या विहिरीत थांबायला जागाच ठेवलेली नाही.

हे सगळे आपल्याकडे आले ते मुंबईच्या बंदरातून, तीनशे वर्षांनी आणि वळसा घेऊन. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात हिंदुस्थानी कापसाला सोन्याचा भाव आला. खानदेशचा शेतकरी ज्या बाजाराला कापूस पाठवत होता त्याच बाजारात प्रेमचंद रायचंद यांनी अमाप पैसा केला. मुंबई विद्यापीठाचे ग्रंथालय आणि त्यावरचा आईच्या नावाचा राजाबाई टॉवर त्यांच्याच देणगीतून उभा राहिला. आराखडा जॉर्ज गिल्बर्ट स्कॉटचा. स्कॉट मुंबईत कधी आला नाही. नकाशे लंडनहून आले. इमारत १८७८मध्ये पुरी झाली. टॉवरची उंची ८५ मीटर, त्यामुळे बघणारा मान वर करतो आणि ग्रंथालयाच्या कोपऱ्यांवरचे गोल जिने त्याच्या नजरेतून सुटतात. दगडी कमानींतून उघडपणे फिरत जाणारे हे जिने ब्लुआच्या कुळातले आहेत. चढणारा विद्यार्थी खालून दिसतो, त्याला खालचे मैदान दिसते. शेजारच्या उच्च न्यायालयात अष्टकोनी बुरुजांत न्यायाधीशांसाठी स्वतंत्र जिने ठेवले गेले. पक्षकार आणि न्यायाधीश यांची गाठ न्यायासनासमोरच पडावी. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सने १८८८मध्ये पुऱ्या केलेल्या आजच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसमध्ये घुमटाखालचा भव्य जिना भिंतीतून अधांतरी निघालेला आहे. तो पूर्ण गोल नाही, पण पायऱ्यांचे एक टोक भिंतीत आणि मध्ये मोकळी हवा, ही युक्ती पल्लादिओच्या जिन्याचीच.

त्याच सुमारास लोखंडाने गोल जिना स्वस्त केला. ग्लासगोच्या वॉल्टर मॅकफार्लेनच्या सॅरासेन फाउंड्रीसारखे कारखाने ओतीव लोखंडाच्या वस्तूंची जाडजूड सूचिपुस्तके छापत आणि कठडे, कारंजी, खांब बोटीने साम्राज्यभर पाठवत. गोल जिना सुट्या पायऱ्यांच्या रूपात यायचा. मधल्या दांड्यात एकेक पायरी ओवायची आणि आवळायची. ज्या खांबाला ब्रामान्तेने हद्दपार केले होते तो परत आला, पण आता मनगटाएवढा बारीक होऊन. उजेड अडेना, जागाही जाईना.

मुंबईसारख्या शहरांतल्या जुन्या इमारतींच्या मागे लागलेले असे जिने पुष्कळदा सफाई कामगारांसाठी होते. पुढच्या रुंद जिन्याने घरमालक, पाहुणे आणि भाडेकरू जायचे. संडास साफ करायला येणाऱ्या माणसाने मागच्या गोल जिन्याने वर जायचे आणि त्यानेच उतरायचे. शाम्बोरमध्ये जी गंमत होती तिचा इथे जातीच्या पायंड्यासाठी वापर झाला. दोन वाटा, एक घर, आणि गाठ पडू नये याची पुरेपूर व्यवस्था. हाताने मैला वाहण्याच्या प्रथेवर १९९३मध्ये कायद्याने बंदी आली, २०१३मध्ये कायदा आणखी कडक झाला. कित्येक इमारतींच्या मागे ते जिने अजून आहेत. त्यांचे सुबक फोटो काढताना त्यावरून कोण चढत होते हेही सांगितले पाहिजे.

खानदेशात लोखंडी गोल जिना घरोघरी पोचला तो फॅब्रिकेशनच्या दुकानांमधून. काम पाहण्यासारखे असते. कारागीर आधी फरशीवर खडूने वर्तुळ काढतो आणि त्याचे बारा भाग करतो. एका पूर्ण फेऱ्यात बारा पायऱ्या हा नेहमीचा हिशेब. बारा पायऱ्या साडेसात इंचांनी चढल्या की साडेसात फूट उंची होते, म्हणजे फेरा पुरा झाल्यावर वरची पायरी डोक्याला लागत नाही. मग चेकर्ड प्लेट कापायची. पाच फुटी जिन्यात पायरीची बाहेरची कड सुमारे पावणेसोळा इंच येते आणि खांबापासून वीस इंचांवर, जिथे पाऊल खरोखर पडते तिथे, साडेदहा इंच. मधला पाइप ओळंब्याने उभा करतात, पायऱ्या खालून वर टाचून घेतात आणि माणूस चढवून पाहिल्यावरच पक्के वेल्डिंग करतात. सगळ्यात अवघड काम कठड्याचे. तो पाइप एकाच वेळी गोल वळायलाही हवा आणि वर चढायलाही हवा. जरा चुकला तर प्रत्येक पायरीपाशी हाताला झोल लागतो. नकाशा बहुधा कागदावर नसतो, कारागिराच्या अंदाजात असतो.

या जिन्यांची मागणी वाढली तिच्यामागे घरांची वाटणी आहे. धाब्याचे जुने घर पाडून दोन मजली बांधकाम होते. पुढे भावाभावांच्या चुली वेगळ्या होतात. खालचा मजला एकाला, वरचा दुसऱ्याला. आतला जिना बंद होतो आणि बोळात बाहेरून गोल जिना लागतो. पाच फुटांच्या जागेत दुसऱ्या बिऱ्हाडाला स्वतःची वाट मिळते. दोन्ही घरे एका छपराखाली राहतात, पण वर जाणाऱ्याला खालच्याच्या ओसरीतून जावे लागत नाही. बारीकसारीक कुरबुरी त्यामुळे कमी होतात, असे ज्यांच्या घरी हा जिना आहे ते सांगतात.

त्याचे तोटेही तेच सांगतात. कपाट वर जात नाही, पलंग सुटा करून दोराने ओढावा लागतो. गुडघे दुखणाऱ्या आजी एकदा वर गेल्या की दिवसभर वरच राहतात. आणि घरात कोणी गेले तर तिरडी या जिन्याने उतरवता येत नाही, हे जाणती माणसे जिना बसवण्याआधीच बोलून दाखवतात. राष्ट्रीय बांधकाम संहिताही सावध आहे : संकटकाळी बाहेर पडण्यासाठी गोल जिना ठेवायचा तर व्यास किमान दीड मीटर हवा आणि तो कमी वर्दळीच्या, साधारण ९ मीटर उंचीपर्यंतच्या इमारतींनाच चालतो. ब्रामान्तेच्या जिन्यावरून लादलेले खेचर जाई. आपल्या जिन्यावरून धान्याचे पोते न्यायचे तर दोघांची कसरत होते. जागा वाचवण्याची ती किंमत आहे.

गावाबाहेरच्या उंच जलकुंभाकडे पाहिले तर या सगळ्या प्रकारांची बेरीज तिथे सापडते. काँक्रीटचा मधला दंडगोल, त्याला वळसे घालत जाणाऱ्या पायऱ्या, आणि वर टाकीच्या झाकणापर्यंत पोचणारा पाणीपुरवठ्याचा कर्मचारी, साऱ्या गावाला दिसत.

पुढील मजकूर वाचताना वाचकाने दोन प्रश्न हाताशी ठेवावेत : या जिन्याच्या मध्ये काय आहे, आणि तो कोणासाठी बांधला. राजवाडा असो, मनोरा असो की वाटणीचे घर, ही दोन उत्तरे मिळाली की बाकीचे तपशील उलगडत जातात. आणि एक विनंती. जुन्या इमारती पडताना गोल जिने कटरने कापून भंगारच्या भावाने जातात, त्यांची नोंद कुठेच राहत नाही. आपल्या गल्लीत, शाळेत, मनोऱ्यात, मिलमध्ये असा जिना असेल तर त्याचा व्यास, पायऱ्यांची संख्या, वळण डावे की उजवे, कोणी बसवला आणि त्यावरून कोण ये-जा करत होते, एवढे एका कागदावर लिहून गावच्या वाचनालयात द्यावे. एका टेपने आणि अर्ध्या तासात हे काम होते.